हमीपत्रातलं सातवं कलम

मृद्गंध (धागाकर्ती) | शुक्रवार, रात्री ९:५२

धाकट्या लेकीला कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत पुण्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सीट लागली. काल प्रवेश निश्चित करायला आम्ही कराडहून गेलो. खिडकीवर कागदांची थप्पी हातात दिली: रॅगिंगविरोधी शपथपत्र, ७५ टक्के हजेरीचं लेखी, होस्टेलचे नियम. या सगळ्यांवर मी न कुरकुरता सही केली. रॅगिंगच्या कागदावर तर आनंदानं केली.

चौथा कागद 'पालकांचे हमीपत्र'. त्यातलं सातवं कलम जसंच्या तसं देते:

"माझा पाल्य संस्थेच्या आवारात अथवा आवाराबाहेर कोणत्याही मोर्चात, धरण्यात, आंदोलनात वा निदर्शनात भाग घेणार नाही, तसेच समाजमाध्यमांवर संस्थेच्या प्रतिमेस बाधा येईल असा कोणताही मजकूर प्रसारित करणार नाही. तसे आढळल्यास कोणतीही पूर्वसूचना न देता प्रवेश रद्द करण्याचा अधिकार संस्थेस राहील व त्याबाबत माझी कोणतीही तक्रार राहणार नाही."

माझा हात थांबला. 'आवाराबाहेर' म्हणजे कुठे? आमच्या गावात पाण्याच्या टँकरसाठी बायका पंचायतीवर गेल्या आणि सुट्टीला आलेली माझी मुलगी त्यांच्यात उभी राहिली, तर तिचा प्रवेश रद्द? खिडकीवरचे म्हणाले, "मॅडम, सगळेच करतात सही." मी कागद घरी घेऊन आले. सोमवारपर्यंत मुदत आहे.

मी स्वतः अकरावीत असताना एसटीसाठी रस्त्यावर बसले होते. कॉलेज सुटायची वेळ आणि गाडीची वेळ यांत दोन तासांचं अंतर होतं, आणि अंधार पडल्यावर मुलींना घरी जायला लागायचं म्हणून तीन गावांतल्या मुलींची शाळा सुटत होती. अर्धा तास गाडी अडवली. आगार व्यवस्थापक बाहेर आले, उभ्यानं ऐकून घेतलं, पुढच्या आठवड्यात वेळ बदलली. आमच्या वडिलांनी असं हमीपत्र दिलं असतं तर माझं शिक्षण तिथंच संपलं असतं.

तेव्हा प्रश्न असा: मी सही करू का? आणि त्याहून मोठा प्रश्न: कॉलेजात बोलण्याला मर्यादा असावी हे मला मान्य आहे, पण ती कुठे असावी आणि कोणी ठरवावी?

---

सदाफुली | शुक्रवार, रात्री १०:१५

आम्हीही केली होती. मोठा आता तिसऱ्या वर्षाला आहे, काहीही झालं नाही. अशा कागदांकडे नंतर कोणी बघत नाही. सही करून टाक, उगाच पहिल्याच दिवशी नजरेत येऊ नकोस.

---

चाकोरी | शुक्रवार, रात्री १०:४१

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये. माझ्या थोरल्या भावाचं एक वर्ष विद्यार्थ्यांच्या संपात गेलं. परीक्षा तीनदा पुढे ढकलली. घरची दोन एकर कोरडवाहू, भावाला नोकरी लागेल म्हणून वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलेलं. ज्यांनी संप पुकारला त्यांच्यातले बरेच खाऊन पिऊन सुखी होते, त्यांचं काही बिघडलं नाही. आमच्या घरात त्या वर्षी दिवाळी झाली नाही.

आज मीही शैक्षणिक कर्ज घेऊन मुलाला शिकवतोय. माझ्या मुलाला वर्गात जायचं असेल तर दारात कोणी आडवं बसू नये, एवढी हमी मला कॉलेजकडून हवी. त्यासाठी असं कलम लिहून घेत असतील तर मला त्यात वावगं दिसत नाही.

---

कोर्टकचेरी | शनिवार, सकाळी ७:३०

नागपूरला वकिली करते. चाकोरी, तुमचा मुद्दा खरा आहे आणि कायद्यात त्याला जागाही आहे. वर्गाचं दार अडवणं हे बोलणं नाही, ती अडवणूक आहे. संविधानाच्या कलम १९(१)(ब) मध्ये जमण्याचा हक्क दिलाय तो 'शांततेने व विनाशस्त्र'. त्यामुळे दार अडवणाऱ्यावर कारवाई करायला हमीपत्र लागतच नाही.

आता सातव्या कलमाकडे येऊ. बोलण्याच्या हक्कावर बंधनं घालायची कारणं कलम १९(२) मध्ये मोजून आठ आहेत: देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. 'संस्थेची प्रतिमा' त्यात नाही. बदनामी आहे, पण मेसच्या आमटीत अळी निघाली हे खरं असेल आणि चारशे मुलं ती आमटी खात असतील, तर ते सांगणं बदनामी होत नाही. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने तीन पायऱ्या केल्या: चर्चा, समर्थन आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही झोंबणाऱ्या असल्या तरी चालतात. तिसरीला कायदा हात घालतो.

मृद्गंध, तुमच्या कागदात मला सगळ्यात जास्त खटकलेले शब्द मात्र 'मोर्चा' आणि 'धरणं' नाहीत. 'कोणतीही पूर्वसूचना न देता' आणि 'माझी कोणतीही तक्रार राहणार नाही' हे खटकले. १९८५ चा ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका हा खटला बघा. फुटपाथवर राहणाऱ्या लोकांनी उच्च न्यायालयात सांगितलं होतं की फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयात महापालिका म्हणाली, यांनी तर आधीच सोडून दिलंय, आता कसलं बोलतात. न्यायालयाने ते मानलं नाही. मूलभूत हक्क माणसाला लिहून देऊन सोडता येत नाहीत, असं सांगितलं.

त्याच खटल्यात दुसरी गोष्ट होती. महापालिकेच्या कायद्यात कलम ३१४ आहे, त्यात आयुक्तांना 'नोटीस न देता' अतिक्रमण काढायचा अधिकार आहे. न्यायालय म्हणालं, याचा अर्थ नोटीस देऊच नका असा होत नाही. ज्याच्यावर कारवाई होणार त्याचं ऐकून घेणं हाच नियम, न ऐकणं हा क्वचित करायचा अपवाद. (झोपड्या मात्र वाचल्या नाहीत, पावसाळा संपेपर्यंत मुदत मिळाली. हेही सांगायला हवं.)

कॉलेज खासगी विनाअनुदानित असेल तर मूलभूत हक्क थेट किती लागू पडतात यावर वाद घालता येईल. पण शिक्षण देणं हे सार्वजनिक काम आहे, आणि ते करणाऱ्याला मुलाचं ऐकून न घेता त्याला बाहेर काढता येत नाही.

---

मृद्गंध | शनिवार, सकाळी ८:०५

कोर्टकचेरीताई, मनापासून आभार. चाकोरी, राग कसला? तुमच्या घरातली ती दिवाळी वाचून गलबललं.

'पूर्वसूचना न देता' वाचताना मला मे २०२५ मधली पुण्यातली मुलगी आठवत होती. एकोणीस वर्षांची, इंजिनिअरिंगचीच. भारत-पाकिस्तान लढाईच्या दिवसांत तिने इन्स्टाग्रामवर दुसऱ्या कोणाची तरी पोस्ट पुढे पाठवली. दोन तासांत काढून टाकली, माफी मागितली. तरी दोन दिवसांत कॉलेजातून काढलं आणि त्याच दिवशी अटक. परीक्षा तोंडावर होती. शेवटी २७ मे ला मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला, कॉलेजचा आदेश स्थगित केला आणि परीक्षेला बसू दिलं. तोवर तिचे काही पेपर हुकले होते.

ती पोस्ट मला आवडली नसती. माझ्या मुलीने तशी टाकली असती तर मी तिला ओरडले असते. पण तुरुंग?

---

टेकडीवरचा | शनिवार, सकाळी ११:२०

त्या निकालातली महत्त्वाची गोष्ट हीच होती की कॉलेजने तिला बाजू मांडायची संधीच दिली नव्हती. कोर्टकचेरी म्हणतात तेच.

मी पुणे विद्यापीठात एम.ए. करतोय. इथली दुसरी घटना सांगतो. २ फेब्रुवारी २०२४, ललित कला केंद्र, म्हणजे विद्यापीठाचा नाट्य-संगीत-नृत्य विभाग. मुलांचं नाटक चालू होतं. रामलीला करणाऱ्या नटांची पडद्यामागची गंमत असा विषय. एका विद्यार्थी संघटनेच्या मुलांनी नाटक बंद पाडलं, धक्काबुक्की झाली. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थी अटकेत. नंतर विभागात तोडफोड झाली, ती करणाऱ्यांवरही गुन्हा नोंदला गेला. पण नाटक करणाऱ्यांना आधी उचललं होतं.

तेव्हापासून फरक पडलाय तो असा. पूर्वी संहिता वाचताना मुलं विचारायची, प्रसंग जमतोय का? आता विचारतात, यावर कोणी येईल का? कोणाचंही लेखी बंधन नाही. मुलंच आपापली वाक्यं काढून टाकतात. त्याच वर्षी पवईच्या आयआयटीत नाटक केल्याबद्दल विद्यार्थ्यांना १ लाख २० हजारांपर्यंत दंड झाला होता, तो आकडा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किती दिवस फिरत होता.

---

तुळशीकट्टा | शनिवार, दुपारी १२:०२

टेकडीवरचा, ती चित्रफीत मी पाहिली होती. सीतामाईच्या वेषातलं पात्र सिगारेट ओढतंय, शिव्या देतंय. मला रडू आलं. आमच्या घरात रोज संध्याकाळी रामरक्षा होते. कोणी हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण मला दुखावलं हे खरं आहे, आणि ते सांगितलं की लगेच आम्हाला मागास ठरवतात. आमच्या दुखावण्याला विद्यापीठात काहीच जागा नाही का?

---

कोर्टकचेरी | शनिवार, दुपारी १२:४८

तुळशीकट्टा, जागा आहे, आणि ती असायलाच हवी. तुम्ही त्या नाटकाविरुद्ध विद्यापीठाच्या फाटकावर फलक घेऊन उभ्या राहिलात तर तुमची बाजू मी फुकट लढवीन. कुलगुरूंना पत्र लिहा, सभा घ्या, नाटकाला उत्तर म्हणून दुसरं नाटक करा. कीर्तन करा. रंगमंचावर चढून नट खाली ओढायचा तेवढा हक्क नाही.

आमच्या नागपूरची एक जुनी गोष्ट. १९४६ साली नागपूर उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी लिहून ठेवलंय की शब्दांचा परिणाम मोजताना समंजस, खंबीर, धीट माणसाचं माप धरावं. दुबळ्या मनाच्या आणि प्रत्येक वेगळ्या मतात धोका पाहणाऱ्याचं धरू नये. इंग्रजांच्या राज्यात लिहिलेलं हे वाक्य. मार्च २०२५ मध्ये कवी-खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या खटल्यात न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने तेच माप पुन्हा लावलं आणि गुन्हा रद्द केला.

---

जुना फौजदार | शनिवार, दुपारी ४:१०

एकतीस वर्षं खात्यात काढली, त्यातली बरीच बंदोबस्तात. कॉलेजांचे मोर्चे किती पाहिले त्याची गणती नाही. वर्दीच्या बाजूने काय दिसतं ते लिहितो.

लोकांना वाटतं पोलिस घोषणा ऐकत असतात. घोषणेकडे आमचं लक्ष कमी असतं. आम्ही पाय बघतो आणि हात बघतो. पाय पुढे सरकायला लागले, हात खिशातून बाहेर आले की सावध व्हायचं. घोषणेमुळे शांतता भंगलेली मी दोन-तीनदाच पाहिली. ती भंगते दोन कारणांनी. एक, कोणीतरी कोणाच्या अंगाला हात लावतो. दोन, निवेदन घ्यायला आतून कोणी येत नाही. हे दुसरं कारण फार मोठं आहे. दोनशे मुलं सकाळी अकरापासून उन्हात, त्यांच्या हातात एका पानाचं निवेदन. साहेब केबिनमध्ये. 'मीटिंगमध्ये आहेत.' दोन वाजता पोरांच्या घशाला कोरड, तीन वाजता पहिला दगड किंवा पहिली कुंडी. मी स्वतः कितीतरी प्राचार्यांच्या हातापाया पडलोय की साहेब, पाच मिनिटं बाहेर या, कागद घ्या, सही द्या, मुलं घरी जातील. जे आले, त्यांच्या गेटवर काहीही झालं नाही.

घेराव मात्र चुकीचाच. माणसाला खोलीत कोंडून ठेवणं हा गैरपरिरोध आहे, मग कोंडणारा विद्यार्थी असो की पुढारी. २०१५ साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अध्यक्षांच्या नेमणुकीविरुद्ध १२ जूनपासून १३९ दिवस संप झाला. एवढा लांब संप, आणि त्यातला बराचसा शांततेत. ऑगस्टमध्ये संचालकांना घेराव पडला आणि मध्यरात्री पोलिसांनी पाच मुलांना उचललं. घेराव चूक होता असंच मी म्हणेन. पण मध्यरात्री उचलायची गरज काय होती? मुलं तिथेच राहणारी, पळून जाणार नव्हती. सकाळी नऊ वाजता चौकीत बोलावलं असतं तर आली असती.

आणखी एक. आमच्याकडे १४९ ची नोटीस असायची, आता नव्या कायद्यात तिचं कलम बदललंय. मोर्चाच्या आदल्या दिवशी पुढाऱ्याच्या हातात द्यायची, की काही अनुचित घडलं तर तुम्हाला जबाबदार धरू. मुलं ती घाबरत घाबरत घ्यायची. मी त्यांना सांगायचो, ही बोलण्याची मनाई नाही, नीट वाच. हे सांगणारा फौजदार भेटला तर बरं, नाहीतर मुलगा तीच शिक्षा समजतो.

१ जुलै २०२४ पासून जो नवा फौजदारी प्रक्रिया कायदा आलाय त्यात कलम १७३(३) चांगलं आहे. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचा गुन्हा असेल तर उपअधीक्षकांच्या परवानगीने आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. कोर्टकचेरीताईंनी सांगितलेल्या कवितेच्या निकालात बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यांत हे करावं असं म्हटलंय. ठाण्यातल्या प्रत्येक अधिकाऱ्याला हे पाठ असायला हवं. पोस्ट काय चौदा दिवसांत पळून जाते काय?

---

पूर्णाकाठ | शनिवार, रात्री ११:३५

दिवसभर वाचत होतो. लिहू की नको असं झालं होतं.

विद्यार्थी आंदोलन म्हटलं की सगळ्यांना चांगलंच आठवतं. मला १९७८ आठवतं. मी अकरा वर्षांचा, नांदेड जिल्ह्यातलं आमचं गाव. २७ जुलैला विधिमंडळात ठराव झाला की मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. थोरला भाऊ नांदेडला कॉलेजला होता, तो पेढे घेऊन आला. चार-पाच दिवसांत पेढ्यांची गोष्ट मागे पडली. नावाला विरोध म्हणून बंद सुरू झाले. ते पुकारण्यात विद्यार्थी पुढे होते, माझ्या भावाच्या वर्गातले, त्याच्यासोबत एका बाकावर बसणारे. मग आग दलित वस्त्यांवर आली. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना ठार मारलं. आमच्या वस्तीला आग लागली नाही, पण बा आम्हाला रात्री ज्वारीत नेऊन झोपवायचा. पाऊस असला तरी. मायच्या हातात धाकटीचं तोंड दाबलेलं, रडू नये म्हणून. बोलण्याच्या मर्यादेबद्दल मला कोणी विचारलं की मला ती ज्वारी दिसते.

तरी मी आज, या वयात, असं म्हणतो की 'नाव बदलू नका' हे म्हणायचा त्या पोरांना अधिकार होता. मला ते कितीही कडू लागलं तरी. सभा घ्यायचा, मोर्चा काढायचा अधिकार होता. घर जाळायचा नव्हता, आणि जाळा म्हणून सांगायचाही नव्हता. तेव्हाच्या प्रशासनाने ह्या दोन गोष्टी वेगळ्या केल्या नाहीत. जिथे रोखायचं तिथे उशिरा पोचले. आणि नंतर आमच्या लोकांनी शांततेत सत्याग्रह केले तेव्हा भराभर गाड्या भरून तुरुंगात नेलं. १९७९ चा लाँग मार्च नागपूरहून निघाला, जोगेंद्र कवाडे सरांच्या मागे बाया-पोरं पायी. आमचा भाऊ त्यात चालला. त्याच्या तळपायाला फोड आले होते ते माय कोमट तेलानं चोळायची. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मी पुढे त्याच विद्यापीठात नोकरी करता करता एम.ए. केलं. दर १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर जातो, माथा टेकवतो.

तेव्हा मृद्गंधताई, तुमच्या सातव्या कलमानं ह्या दोन्ही पोरांना एकच केलंय. पायी चालणारा आणि काडी लावणारा, दोघांना एकच शिक्षा, दोघांनाही न विचारता. मला ते नाही चालणार.

---

सदाफुली | रविवार, सकाळी ६:५०

पूर्णाकाठ दादा, काय लिहू. रात्री वाचलं, झोप लागली नाही. मृद्गंध, माझा पहिला प्रतिसाद मी मागे घेते.

---

चाकोरी | रविवार, सकाळी ७:४५

दादा, नमस्कार करतो. माझं म्हणणं दाराबद्दल होतं, आणि ते अजूनही आहे. पण पायी चालणाऱ्याला माझ्या मुलाच्या वर्गाशी काही घेणंदेणं नाही, हे मान्य.

---

खडूफळा | रविवार, सकाळी ९:३०

मिरज भागात एका कॉलेजात चोवीस वर्षं शिकवतोय. शिस्तपालन समितीवर दोन वेळा होतो. आतून कसं चालतं ते सांगायला हवं, कारण बाहेर कोणी सांगत नाही.

पहिल्या वेळी एका मुलाने गळक्या प्रयोगशाळेचा फोटो टाकला होता. पावसाचं पाणी यंत्रांवर पडतंय, खाली बादली. बैठक सुरू व्हायच्या आधीच निलंबनाचं पत्र टाइप होऊन आलं होतं, फक्त आमच्या सह्या राहिल्या होत्या. मुलगा बाहेर बाकड्यावर बसला होता. त्याला आत बोलावलं, 'चूक मान्य आहे का' विचारलं, तो गप्प राहिला, आणि आम्ही सह्या केल्या. माझीही सही आहे. एका सत्राचं निलंबन. त्याने पुढे शिक्षण सोडलं. मला आजही तो बाकड्यावर बसलेला दिसतो आणि टोचतं. मी फक्त एवढं म्हणायला हवं होतं की आधी तू लिहून दे, आम्ही वाचतो, मग बोलू.

दुसऱ्या वेळी म्हणालो. प्रकरण निदर्शनाचं होतं, फीवाढीविरुद्ध. आरोप काय ते लेखी दिलं, सात दिवस दिले. मुलीने तीन पानं लिहून आणली. त्यात कळलं की कार्यालयाची काच तिने फोडली नव्हती, ती तर फोडणाऱ्याला मागे ओढत होती. चित्रीकरणात तिचा हात दिसत होता, एवढाच पुरावा होता आमच्याकडे. तीन पानांनी तिचं वर्ष वाचलं.

दुसरा मुद्दा. आपल्या राज्यात मुलांनी म्हणणं मांडायचं कुठे? १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका गेल्या. कारणही खरं होतं, निवडणुकांत हाणामाऱ्या होत, खून झाले होते. त्याऐवजी मार्कांवर वर्गप्रतिनिधी आले. २०१६ च्या कायद्याने निवडणुका कागदावर परत आणल्या, २०१९ ला जाहीर झाल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. म्हणजे प्रतिनिधी नाही, म्हणून मुलं रस्त्यावर. रस्त्यावर येऊ नये म्हणून हमीपत्र. ऑगस्ट २०२४ मध्ये एमपीएससीची मुलं पुण्याच्या शास्त्री रोडवर बसली होती, त्यांना तर कॅम्पसच नाही. दोन परीक्षा एकाच दिवशी आल्या हे त्यांचं मुख्य म्हणणं होतं. ते ऐकलं गेलं, परीक्षा पुढे गेली.

मृद्गंध, यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठात लोकपाल असायला हवा. तुमच्या कॉलेजात ती समिती आहे का, सदस्य कोण, हे विचारा. 'माझी कोणतीही तक्रार राहणार नाही' असं लिहून घेणं त्या नियमांच्या विरुद्ध जातं.

---

हडसनकाठ | रविवार, दुपारी २:१५

न्यू जर्सीतून लिहितेय, इथे पहाट आहे. वीस वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा विद्यापीठाच्या हिरवळीवर दोन टोकांची मतं असलेली मुलं शेजारी-शेजारी टेबलं मांडून बसलेली पाहिली होती आणि मला फार अप्रूप वाटलं होतं. इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध काळ्या फिती लावणाऱ्या शाळकरी मुलांच्या बाजूने निकाल दिला. सरकारी विद्यापीठ जागा, वेळ आणि पद्धत ठरवू शकतं. मत नाही.

पण हे कायमचं नसतं. ३० एप्रिल २०२४ च्या रात्री कोलंबिया विद्यापीठातल्या हॅमिल्टन हॉलमध्ये पोलिस घुसले. गाझातल्या युद्धाविरुद्ध आंदोलन करणाऱ्या मुलांनी इमारतीचा ताबा घेतला होता, काचा फोडल्या होत्या, ते चूकच. १९६८ सालीही त्याच तारखेला त्याच इमारतीतून मुलांना काढलं होतं. वाईट त्यानंतरचं. २०२५ पासून परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा बोलण्यावरून धोक्यात यायला लागले. जूनपासून विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांनी आपली समाजमाध्यमांवरची खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायची. माझी भाची तेव्हा सांगलीहून इकडे येणार होती. तिने बसून चार वर्षांचे लाइक काढून टाकले, त्यात दुष्काळावरच्या आणि ऊसदराच्या पोस्टसुद्धा गेल्या. मी म्हटलं, अगं हे कशाला? म्हणाली, मावशी, कोणाला काय वाटेल कसं सांगणार?

टेकडीवरचा जे म्हणाला ना, मुलंच आपली वाक्यं काढतात, ते मी माझ्या स्वयंपाकघरात बसून व्हिडिओ कॉलवर पाहिलं.

---

टेकडीवरचा | रविवार, दुपारी ३:००

खडूफळा सर, एक शंका. ऐकून घेतलं म्हणजे सगळं झालं का? मुंबईच्या टिसमधल्या (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला एप्रिल २०२४ मध्ये दोन वर्षांसाठी निलंबित केलं. तिथे समिती नेमली होती, चौकशी झाली होती. उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निलंबन भोगलं तेवढ्यावरच थांबवलं आणि पीएच.डी. पूर्ण करू दिली. पण वर्ष गेलंच ना.

---

कोर्टकचेरी | रविवार, दुपारी ३:४०

नाही, एवढ्यानं सगळं होत नाही. ऐकून घेणं ही पहिली पायरी. दुसरी, शिक्षा गुन्ह्याच्या मापाची हवी. दोन वर्षं म्हणजे शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या मुलासाठी जवळजवळ कायमचं बाहेर. हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुलाची शिष्यवृत्ती थांबली होती, वसतिगृह बंद झालं होतं. १७ जानेवारी २०१६ ला त्याने आत्महत्या केली. समितीच्या टेबलावर 'निलंबन' हा एक शब्द असतो, मुलाच्या बाजूला ते जेवण आणि झोपायची जागा असते.

---

संपादक | रविवार, दुपारी ४:०५

पक्षांची नावं घेऊन वैयक्तिक शेरेबाजी करणारे दोन प्रतिसाद काढले आहेत. दोघांनाही कारण व्यक्तिगत निरोपातून कळवलं आहे. चर्चा चालू ठेवावी.

---

तुळशीकट्टा | रविवार, संध्याकाळी ६:२०

कोर्टकचेरीताईंच्या उत्तरावर कालपासून विचार करते आहे. मला अजूनही ते नाटक पटत नाही, पटणारही नाही. पण त्या मुलांना अटक व्हावी असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. कोणीतरी माझ्यासमोर बसून विचारायला हवं होतं की तुला काय लागलं, आणि मी त्यांना विचारायला हवं होतं की तुम्हाला काय म्हणायचं होतं. ते झालं नाही, आणि आता ती मुलं पास होऊन गेलीही असतील.

---

मृद्गंध | सोमवार, रात्री ८:३०

आज जाऊन आले. लेकही सोबत होती.

खडूफळा सर आणि कोर्टकचेरीताईंनी सांगितल्यावरून मी सातव्या कलमावर पेनानं रेघ मारली आणि बाजूला हाताने लिहिलं: "माझी मुलगी कोणाला इजा करणार नाही, कोणाच्या वर्गाचं दार अडवणार नाही, मालमत्तेची नासधूस करणार नाही. तिच्याविरुद्ध काही तक्रार आल्यास ती तिला लेखी द्यावी, उत्तराला सात दिवस द्यावेत व तिचे म्हणणे ऐकून मगच निर्णय घ्यावा." खाली आम्हा दोघींच्या सह्या. 'दार' हा शब्द चाकोरींचा. इजेचा भाग पूर्णाकाठ दादांचा.

खिडकीवरच्यांनी कागद घेतला नाही. आत पाठवलं. तिथल्या मॅडमनी आधी डोक्याला हात लावला, मग शांतपणे सगळं वाचलं. म्हणाल्या, हे छापलेलं वर्षानुवर्षं चालत आलंय, माझ्या अधिकारात बदलता येत नाही. मी तक्रार निवारण समितीबद्दल विचारलं. सूचना फलकावर यादी होती, त्यातले दोन सदस्य निवृत्त झालेले. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. मग प्राचार्यांना फोन केला, आम्ही पाऊण तास बसलो. लेक घाबरली होती, माझा पदर धरून बसलेली. शेवटी कागद ठेवून घेतला, प्रवेश निश्चित झाला.

---

जुना फौजदार | सोमवार, रात्री ८:५२

पोच घेतली का?

---

मृद्गंध | सोमवार, रात्री ९:०४

घेतली. झेरॉक्सवर शिक्का आहे, आवक क्रमांक आहे, तारीख आहे. लेकीने तिच्या फाइलमध्ये लावली.